गढूळ पाण्याची किंमत

गोदावरीला गढूळ पूर आला म्हणजे लोक पुलावर उभे राहून ‘नदी घाण घेऊन चालली’ असे म्हणतात. आमच्या मते ती घाण नसून कोणाचे तरी शेत आहे. आपला काळा पाषाण ऊन-पावसाने कुजून बोटभर माती होण्यास शतके लागतात; उताराच्या दिशेने उभी नांगरट केली, की तीच माती वळवाच्या चार सरींत ओढ्याला मिळते. माती वाहणे हा नदीचा धर्मच होय. राजमहेंद्रीखालचा सुपीक त्रिभुज प्रदेश ह्याच गाळाने घडला. परंतु आता पैठणच्या नाथसागरासारखी (१९७६) धरणे तो वाटेतच अडवितात. वर शेत उघडे पडते, मध्ये जलाशय उथळ होतो, आणि खाली गाळास मुकलेला किनारा समुद्र झिजवितो. (तिन्ही ठिकाणी तोटा मात्र शेतकऱ्याचाच!) धरणातील गाळ शेतांत परत नेण्याची योजना सरकारने २०१७ मध्ये काढली, हे उत्तमच; पण गाडीभाडे भरून माती आणण्यापेक्षा ती बांधावरच अडविणे स्वस्त नव्हे काय? पालकांनी यंदा आडवी नांगरट करावी, बांधावर गवत राखावे. आणि मुलांनी पहिल्या पावसात ओढ्याचे पाणी काचेच्या पेल्यात धरून, सकाळी तळाशी किती माती बसली ते मोजून आम्हांस सांगावे.