रेड वाईन : ताटाशेजारी ठीक, औषधाच्या कपाटात नको

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाबाची गोळी लिहून देत असताना रुग्ण हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, रात्री थोडी रेड वाईन घेतली तर हृदयाला चांगली ना?" शेजारी सौभाग्यवती बसलेल्या असतात, त्यामुळे उत्तराकडे दोघांचेही कान असतात!

प्रथम चवीबद्दल. आपल्या नाशिक परिसरात शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांपासून गडद, भारदस्त वाईन तयार होते. पहिल्या घोटालाच जीभ व हिरड्या आवळल्यासारख्या होतात. हा गुण टॅनिनचा. द्राक्षांच्या साली आणि बियांतून ते वाईनमध्ये उतरते. कडक कोरा चहा प्यायल्यावर तोंड तुरट होते, तोच हा प्रकार. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते.

सोबत प्रथिने व स्निग्धता असलेला पदार्थ असेल, तर हा तुरटपणा मवाळ होतो. म्हणून भाजलेले मटण, कमी तिखटाचे सुके मटण किंवा मुरलेले चीज या वाईनशी जुळते. शाकाहारी मंडळींना परतलेले मश्रूम किंवा पनीर चालेल. झणझणीत तांबड्या रश्श्याशी मात्र तिचे पटत नाही, कारण अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते. बांगड्याबरोबरही नको. वाईनमधील लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो.

चवीसाठी एवढे सांगणे प्रामाणिक आहे. आरोग्याचे नाव पुढे करणे मात्र मला मान्य नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 'फ्रेंच विरोधाभास' घरोघर पोचवला. फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो आणि याचे श्रेय रेड वाईनचे, असा समज पसरला. पुढे या निरीक्षणांतील उणिवा दिसू लागल्या. बेताने पिणारे बरेचदा सुस्थितीतले असतात आणि प्रकृतीची काळजीही घेतात. उलट 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जातात. रेझव्हेरट्रॉल या द्रव्याचाही फार गवगवा झाला, पण एक लिटर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते.

दुसरी बाजूही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही. वाईन हेही मद्यच आहे. १४ टक्के अल्कोहोलच्या १५० मिलिलिटर वाईनमध्ये सुमारे १६ ते १७ ग्रॅम अल्कोहोल असते. त्यातून ११५ च्या आसपास कॅलरी मिळतात, पोषण जवळजवळ शून्य.

तेव्हा माझे मत सरळ आहे. जे पीत नाहीत, त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरू करू नये. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी थेंबही घेऊ नये. वाहन चालवायचे असेल, तर त्या दिवशी पेल्याला हात लावू नये. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी क्वचित, जेवणाबरोबर, एका लहान पेल्यावर थांबावे. सोबत पाणी प्यावे आणि आपल्या डॉक्टरांपासून ते लपवू नये.

हृदयाची खरोखरच काळजी असेल, तर तंबाखू सोडा, पापड-लोणचे आवरा, रोज अर्धा तास झपझप चाला आणि गोळी वेळेवर घ्या. द्राक्षे आवडत असतील तर घडाने खा; मधुमेहींनी मात्र मोजून!