जनावरांचा अंमलदार आणि त्याचे बारा महिने

पावसाळा लागला की ठाणे-बेलापूर रस्त्यावर ठाण मांडून बसणाऱ्या गुरांची, आणि भाद्रपद उजाडला की टोळ्यांनी हिंडणाऱ्या कुत्र्यांची तक्रार नवी मुंबईतल्या तुर्भ्यात दरवर्षी होते; आणि तिचा सूर ऐकून असे वाटावे की जनावरांचा बंदोबस्त म्हणजे आग लागल्यावर बंब धावावा तसे केवळ प्रसंगोपात्त काम आहे. वस्तुतः हे काम बारमाही आहे, आणि त्याचा खरा भार ज्या महिन्यांत कोणीही तक्रार करीत नाही त्याच महिन्यांत असतो.

सन १९७० मध्ये नवी मुंबई वसविणारी सिडको स्थापन होण्यापूर्वी तुर्भे हे ठाणे तालुक्यातील भातखाचरांचे गाव होते, आणि अशा गावांतील जनावरांचा बंदोबस्त १८७१ च्या गुरे अतिचार अधिनियमाने चाले. मुंबई इलाख्यात गावच्या कोंडवाड्याची जबाबदारी त्या कायद्याने पोलीस पाटलावर पदसिद्ध म्हणून सोपविली होती. ज्याच्या पिकात गुरे शिरली त्याने ती चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावी; तेथे जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्या इसमाचे नाव व राहण्याचे ठिकाण, आणि मालक ठाऊक असल्यास त्याचेही, असा तपशील दफ्तरी दाखल व्हावा; दंड व खुराकी भरून मालकाने जनावर सोडवावे; सात दिवसांत कोणी न फिरकल्यास दवंडी पिटावी, आणि त्यानंतरही सात दिवस वाट पाहून मग लिलाव करावा. या लिलावात कोंडवाड्याच्या रखवालदारास स्वतः बोली लावण्याची मनाई होती, हे कलम मला विशेष आदरणीय वाटते. मुक्या प्राण्याचा कब्जा ज्याच्या हाती, त्याला त्याच्यापासून लाभ होता कामा नये, हे कायदा करणाऱ्याने नेमके ओळखले होते. आषाढातील लावणीपासून कापणीपर्यंत कोंडवाड्याचा हंगाम असे. पीक घरात आले की गुरे मोकळी सुटत.

खाचरांच्या जागी आता घाऊक बाजार आहे. रात्री भाजीच्या गाड्या रिकाम्या होतात, पाल्याचे आणि नासक्या फळांचे ढीग पडतात, आणि धार काढून मालकांनी सोडून दिलेल्या गाई तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट ते खातात. गुराचे वर्णन पूर्वी रंग आणि शिंगे पाहून लिहीत. आता कानातील पिवळ्या बिल्ल्यावरील बारा आकडी क्रमांकावरून मालकाचा पत्ता लागू शकतो, म्हणून ‘मालक सापडत नाही’ ही सबब, निदान बिल्ला असलेल्या जनावराच्या बाबतीत, मला मान्य नाही.

कुत्र्यांचे काम अधिक नाजूक. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रणाच्या नियमांप्रमाणे कुत्रे पकडावे, निर्बीजीकरण करून रेबीजची लस टोचावी, खूण म्हणून कानाला खाच द्यावी, आणि जेथून उचलले तेथेच नेऊन सोडावे. त्यामुळे कोणत्या गल्लीतून कोणते जनावर उचलले ही नोंद चुकली की सारेच फसते, कारण परक्या वस्तीत टाकलेले कुत्रे तेथल्या कुत्र्यांशी झुंजते आणि बिथरते. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री उचलून पुन्हा तेथे सोडू नयेत, असा हुकूम दिला. म्हणजे तुर्भे स्थानकाच्या आवारातील कुत्र्याला एक नियम आणि शेजारच्या गल्लीतील कुत्र्याला दुसरा. हा भेद अखेर जाळी घेऊन पहाटे निघालेल्या कामगारालाच पाळायचा आहे, आणि त्याच्या हातावरील चाव्यांचे व्रण मोजायला कोणी येत नाही.

भाद्रपदात माजावर आलेली कुत्री सुमारे नऊ आठवड्यांनी, कार्तिकाच्या सुमारास, विते. म्हणून शस्त्रक्रिया भाद्रपदाआधी, आणि जखम पावसात चिघळू नये म्हणून शक्यतो वैशाख-ज्येष्ठातच उरकावयास हवी. वस्तीतील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु नवी पिल्ले जन्मतात, जुन्या लशीचा प्रभाव ओसरतो, आणि हे प्रमाण दरवर्षी नव्याने गाठावे लागते. भाद्रपदातल्या आरडाओरडीने ते गाठता येत नाही. तेव्हा तुर्भेकरांनी आपल्या गल्लीतील कानाला खाच नसलेल्या कुत्र्यांची खबर महापालिकेला वैशाखातच द्यावी, आणि गाडी आली की त्या जाळीवाल्यांना ती कुत्री कोठे निजतात तेवढे दाखवावे.