शेत नाही, मग शेतकी कशाला?

बारावीचा निकाल लागला की जबलपूरच्या राइट टाउनमधल्या मराठी घरांतून ठरलेली चर्चा सुरू होते, इंजिनिअरिंग की मेडिकल? आजोबा रेल्वेत, वडील वीज मंडळात नाहीतर गन कॅरेज फॅक्टरीत, अशी ही पगारदार कुटुंबे. गावाकडची जमीन कुणी केव्हा विकली, हेही आता कुणाला नीटसे आठवत नाही. अशा घरातली मुलगी म्हणाली, "बाबा, मी आधारतालला ॲडमिशन घेते," तर बाबांच्या कपाळाला आठी पडणारच. घरात एक एकर नाही आणि हिला शेतकी शिकायची आहे!

आधारताल म्हणजे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. 1964 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ राइट टाउनपासून फार लांब नाही, पण घरातल्या चर्चेत ते क्वचितच येते.

मग मुले तिकडे वळतात ती का? मातीची ओढ वगैरे कारणे भाषणात शोभतात. खरे कारण पुष्कळदा साधे असते. 'नीट'मध्ये गुण कमी पडले, खासगी इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, आणि राज्याची पीएटी परीक्षा गणितवाल्यालाही देता येते, जीवशास्त्रवाल्यालाही. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? दुसरे कारण नोकरीचे. बँकांत कृषी अधिकारी लागतात, सरकारला ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी लागतात, आणि स्पर्धा परीक्षेत हाच विषय घेता येतो. दुकान टाकायचे म्हटले तरी 2015 च्या नियमांनुसार कीटकनाशक विक्रीचा नवा परवाना काढताना कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचे शिक्षण दाखवावे लागते.

आईवडिलांनी चौकशी करायची तर ती वेगळीच करावी. महाविद्यालयाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का? प्रयोगाला स्वतःचे शेत आहे का, की नुसतीच इमारत? मोठमोठ्या जाहिरातींत नेमके हेच लिहिलेले नसते.

काही मुले मात्र शिकता शिकता या विषयात गुंततात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही सोयाबीन शेतकऱ्याला 'तीनशे पस्तीस' म्हणून पाहा, त्याला पुढचे सांगावे लागत नाही. हे जे.एस. 335 वाण 1994 मध्ये आले ते याच विद्यापीठाच्या तेव्हाच्या सीहोर केंद्रातून. जे.एस. म्हणजे जवाहर सोयाबीन. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पैसा आणणारे बियाणे नर्मदेकाठच्या विद्यापीठाचे, हे आपल्या जबलपूरकरांनाही फारसे ठाऊक नसते! अशा वाणावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या नावावर सातबारा असलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

आईला वेगळीच काळजी असते. चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. मुलगी एकटी कशी राहणार? एकटी राहत नाही, गटाने राहतात, मार्गदर्शक असतात. तरी राहण्याची, संडास-बाथरूमची सोय काय आहे, हे आधीच विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको.

शहरातल्या मुलीची कसोटी लागते ती तिथेच. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "तुमची किती एकर?" एकही नाही, असे सांगितले की बायाबापड्या हसतात. पुढचे बोलणे मग कामातूनच करावे लागते. पेरणीच्या आधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचे, आणि आठवडाभराने चांगले कोंब किती आले ते त्या शेतकऱ्यासमोरच मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले, तर ते बियाणे पेरायला चालते आणि विकतच्या पिशवीचे पैसे वाचतात. कमी आले, तर तेही त्याला पेरणीआधीच कळते.