कोडियाक्कराईचे काळवीट : संकट कुंपणाच्या आतले

अभयारण्य घोषित झाले, फलक लागले, शिकारीला बंदी आली की वन्यजीव सुरक्षित झाले, असा सर्वसाधारण समज असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडियाक्कराईचा अनुभव या समजाला छेद देणारा आहे.

कोरोमंडलचा किनारा ज्या ठिकाणी जवळजवळ काटकोनात वळून पाल्कच्या सामुद्रधुनीला भिडतो, त्या टोकावर, नागपट्टिणम जिल्ह्यात, हे अभयारण्य आहे. इंग्रजी नकाशांवर ते 'पॉइंट कॅलिमेअर' म्हणून ओळखले जाते. १९६७ मध्ये प्रामुख्याने काळविटांसाठी त्याची स्थापना झाली. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत वाळूच्या टेकड्या, गवताळ माळ, खारपड आणि खुरटे, सदाहरित काटेवन एकमेकांना खेटून आहेत. खिरणी, पिलू, करवंद अशा झाडाझुडपांचे हे वन खाऱ्या वाऱ्याशी आणि दीर्घ कोरड्या ऋतूशी जुळवून घेत टिकून राहिले आहे. शेजारच्या वेदारण्यमच्या दलदलीसह ३८,५०० हेक्टर क्षेत्राला २००२ मध्ये 'रामसर' दर्जा मिळाला. २०२२ पर्यंत तमिळनाडूतील ते एकमेव रामसर स्थळ होते.

मुंबईशीही या टोकाचे जुने नाते आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक अनेक दशके येथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत वळी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग घेत आले आहेत. डॉ. सलीम अली यांनी या जागेचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले होते.

मग अडचण कोठे आहे? पहिले उत्तर 'विलायती बाभूळ' हे आहे. अमेरिका खंडातून आलेले हे झाड खाऱ्या जमिनीत आणि टंचाईच्या पाण्यावरही फोफावते. त्याच्या गोड शेंगा गुरे आणि घोडे आवडीने खातात. काळवीटही त्याला अपवाद नाही. शेणा-लेंड्यांतून बिया सर्वत्र पसरतात आणि बघता बघता माळाची जाळी होते. काळविटाचा बचाव मात्र मोकळ्या माळावरच अवलंबून असतो. लांबून दिसणारा शत्रू आणि धावायला मोकळी जागा, हीच त्याची शस्त्रे. झुडपांची गर्दी वाढली की चारा घटतो आणि पाडसांवर टपलेल्या कोल्ह्याला आडोसा मिळतो.

हे झाड नुसते तोडून भागत नाही. बुंधा राहिला तर त्यालाच नवे धुमारे फुटतात. मुळासकट उपटायचे तर यंत्रे आणावी लागतात आणि त्यांच्या वजनाखाली नाजूक गवताळ जमीन दबते. किनारपट्टीवरील असंख्य चुली याच लाकडावर पेटतात, हेही विसरून चालणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने या झाडाच्या निर्मूलनाचे आदेश दिले. २०२२ मध्ये राज्य सरकारने आक्रमक परकीय वनस्पतींबाबत धोरणही जाहीर केले. परंतु धोरण एकदा आखले जाते, बाभूळ दरवर्षी उगवते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एकेकाळच्या पाळीव घोड्यांचे वंशज येथे मोकाट वाढले आहेत. गवत आणि गोडे पाणी यांवर त्यांचा आणि काळविटांचा एकाच वेळी दावा असतो. येथील पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात वन विभागाला पाणवठ्यांत पाणी सोडावे लागते, तेव्हा ही स्पर्धा तीव्र होते. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घोडा या भूमीचा मूळ वन्यप्राणीच नाही. पण पर्यटकांना घोड्यांचे कळप मोहवतात आणि त्यांना हटवायचे म्हटले की दयेचा प्रश्न उभा राहतो. निर्बीजीकरण अथवा स्थलांतर हे मार्ग खर्चिक आहेत, मात्र निर्णय टाळण्याची किंमत काळवीट मोजत आहेत.

या सर्वांवर निसर्गाचा प्रहार. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गजा' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. असंख्य झाडे उन्मळून पडली, अनेक काळवीट आणि घोडे मृत्युमुखी पडले, काहींचे मृतदेह समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकले. तीन बाजूंनी पाणी, मिठागरे आणि वस्ती असलेल्या या चिमुकल्या जंगलातून प्राण्यांनी पळून जायचे कोठे? शिवाय वादळाने झाडांचे छत्र मोडले की मोकळ्या उजेडात बाभळीलाच आधी संधी मिळण्याची भीती असते. खिरणीसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाला ती शर्यत जिंकणे कठीण.

दलदलीची कथाही निराळी नाही. ती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या अगदी शेवटी आहे. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाले आणि वरच्या भागात पाण्याचा वापर वाढत गेला. शेपटाकडे येणाऱ्या गोड्या पाण्यावर पक्ष्यांचे अन्न अवलंबून असते. पण पाणीवाटपाच्या वादात पाणपक्ष्यांची बाजू मांडणारा कोणी नसतो.

कोडियाक्कराईला नव्या घोषणेची गरज नाही. सलग दहा-पंधरा वर्षे बाभळीचे रोप उपटणारे हात, ग्रामस्थांना सरपणाचा पर्याय, घोड्यांबाबत स्पष्ट निर्णय आणि काळविटांची नियमित गणना, एवढेच पुरेसे आहे. ही कामे दिखाऊ नाहीत, त्यांचे उद्घाटन करता येत नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडतात. अभयारण्याची सीमा आखून आता जवळपास सहा दशके लोटली. तिच्या आतला माळ राखला गेला नाही, तर सीमा उरेल आणि ज्याच्यासाठी ती आखली तो काळवीट उरणार नाही.