आजीचे केस आणि लाल चॅनल

आजी गेली आणि फ्रेमसाठी फोटो शोधताना कळलं, तिचा एकटीचा धड एक फोटो नाही! सापडला तो राजापूरचा. बारसूच्या सड्यावर आम्ही सगळे कातळशिल्पं बघायला गेलो होतो तेव्हाचा. मागे निळंशार आभाळ, शेजारी आमचा गोतावळा आणि वाऱ्यावर भुरभुरणारे तिचे पांढरे केस.

एका स्टुडिओने तिला कापून वेगळं करून दिलं. केसांचं पार हेल्मेट! आई म्हणाली, "ही माझी आई नाही वाटत."

मग मीच फोटोशॉप उघडलं. तिथलं एका क्लिकचं सिलेक्शनही बटा गिळून बसलं. शेवटी जुनी युक्ती काढली. बॉस, गंमत ऐका! रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो. पांढरे केस तिन्हींत उजळ, पण निळं आभाळ लाल चॅनलमध्ये सगळ्यात काळपट. म्हणून लाल चॅनलची कॉपी केली. लेव्हल्सने आभाळ काळंकुट्ट, केस पांढरेशुभ्र. चेहरा आणि लुगडं ब्रशने पांढरं केलं, नातेवाईक काळ्याने पुसले. कंट्रोल दाबून त्या कॉपीवर क्लिक, सिलेक्शन तयार, लेयर मास्क लावला. बट न् बट शाबूत!

आईने स्क्रीनवर बोट फिरवलं. "कितीही तेल चोपडा, ही बट कधी बसलीच नाही," म्हणाली. फ्रेम आता हॉलमध्ये आहे.

तर मंडळी, कापण्याआधी तिन्ही चॅनल्स बघा. आणि आजी आहे तोवर तिचा एकटीचा एक फोटो काढून ठेवा.