कर्ज फिटले, ऋण उरले : इताइपू धरण आणि ग्वारानी समाज

ब्राझीलच्या पाराना राज्याच्या पश्चिम टोकाला फोझ दो इग्वासू हे सुमारे २,८५,००० लोकवस्तीचे शहर आहे. पाराना आणि इग्वासू या नद्यांचा येथे संगम होतो. पारानावरील मैत्री पूल ओलांडला की पॅराग्वे देश लागतो. इग्वासूवरील पूल ओलांडला की अर्जेंटिना. उपोष्ण हवामान, हिरवीगार झाडी आणि कानी पडणाऱ्या पोर्तुगीज, स्पॅनिश व ग्वारानी या तीन भाषा, असे हे सीमेवरचे शहर आहे. पर्यटक येथे मुख्यतः दोन गोष्टी पाहण्यासाठी येतात : इग्वासूचा धबधबा आणि इताइपूचे धरण.

'इताइपू' या ग्वारानी शब्दाचा अर्थ 'गाणारा खडक' असा सांगितला जातो. धरणाला नाव आदिवासींच्या भाषेतून मिळाले, परंतु त्या आदिवासींना धरणाने काय दिले, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे.

ब्राझील व पॅराग्वे या देशांत इताइपूचा करार १९७३ साली झाला. त्या वेळी दोन्हीकडे लष्करी राजवटी होत्या. १९८२ च्या ऑक्टोबर महिन्यात दरवाजे बंद करण्यात आले आणि अवघ्या दोन आठवड्यांत सुमारे १,३५० चौरस किलोमीटरचा जलाशय भरला. ग्वाइरा येथील विख्यात 'सात धबधबे' कायमचे पाण्याखाली गेले. १९८४ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. आज २० जनित्रांची एकूण क्षमता १४,००० मेगावॅट आहे. चीनमधील 'थ्री गॉर्जेस' प्रकल्प उभा राहीपर्यंत हे जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र होते.

या प्रकल्पाचे मोल नाकारता येणार नाही. कोळसा न जाळता कोट्यवधी लोकांच्या घरी येथून प्रकाश पोहोचतो. काठावरील नगरपालिकांना स्वामित्वशुल्क मिळते. पॅराग्वेसारख्या लहान देशाला लागणाऱ्या विजेचा बहुतांश भाग येथूनच येतो. विजेचा निम्मा वाटा त्या देशाचा. परंतु न वापरलेली वीज ब्राझीललाच द्यावी, अशी करारात अट होती. तिचा मोबदला फारच तुटपुंजा असल्याची तक्रार पॅराग्वे वर्षानुवर्षे करीत राहिला आणि २००९ साली तो मोबदला तिप्पट करण्याचे मान्य झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत धरणाच्या बांधकामाचे कर्ज पूर्णपणे फिटले. राष्ट्रांचा हिशेब असा हळूहळू मिटत गेला.

ज्यांची जमीन बुडाली त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. ब्राझीलच्या बाजूने सुमारे ४०,००० लोक विस्थापित झाले. त्यांतील शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला आणि ख्रिस्तसभेचा भूमिविषयक सेवाविभाग त्यांच्या पाठीशी उभा राहिला. अवा-ग्वारानी आदिवासींपाशी तर मालकीची कागदपत्रेच नव्हती. १९८२ साली त्यांच्यातील काही कुटुंबांना ओकोई येथे जेमतेम २५० हेक्टर जागा देण्यात आली.

ग्वारानी भाषेत 'तेकोहा' असा एक शब्द आहे. आपल्या रीतीने जगता येईल अशी जागा, असा त्याचा आशय आहे. रान, पाणी, शेत, प्रार्थनागृह आणि पूर्वजांच्या समाध्या हे सारे त्यात येते. 'धरणग्रस्त' हा शब्द मराठीला नवा नाही. म्हणून तेकोहा बुडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

या लोकांचे हे पहिले स्थलांतर नव्हे. १६३१ साली गुलामांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांपासून बचावण्यासाठी येशूसंघीय धर्मगुरू अंतोनियो रुइझ दे मोंतोया यांनी सुमारे १२,००० ग्वारानींना तराफ्यांवरून पाराना नदीमार्गे दक्षिणेकडे नेले. वाटेत आडवे आले ते हेच ग्वाइराचे धबधबे. साडेतीन शतकांनंतर त्याच काठावरून लोक पुन्हा निघाले; या वेळी कारण ठरली 'प्रगती'.

२०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी ग्वाइरा परिसरात जमिनीच्या वादातून अवा-ग्वारानी वस्तीवर गोळीबार झाले आणि माणसे जखमी झाली. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने एका समझोत्यास मान्यता दिली. इताइपूने २४ कोटी रेयाल खर्चून ३,००० हेक्टर जमीन या समाजासाठी विकत घ्यावी आणि जाहीर क्षमायाचना व्हावी, असे त्यात ठरले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि ३,००० हेक्टर म्हणजे ३० चौरस किलोमीटर. आणि जलाशय आहे १,३५० चौरस किलोमीटरचा. म्हणूनच हा समझोता तातडीचा व अंशतः आहे. त्याने वादावर पडदा पडलेला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प आखताना त्यांनाच संवादातील प्रमुख सहभागी मानावे, असे आवर्जून सांगितले आहे. इताइपूत नेमके हेच घडले नाही. आज हवामानबदलाला उत्तर म्हणून जगभर स्वच्छ ऊर्जेचा आग्रह धरला जात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ऊर्जा स्वच्छ आहे की नाही, हे केवळ धुरावरून ठरत नाही. ती कोणाला विचारून आणि कोणाला उठवून निर्माण केली, यावरूनही ठरते. पैशाचे कर्ज पन्नास वर्षांत फिटू शकते. न विचारता घेतलेल्या भूमीचे ऋण फेडण्याची सुरुवात क्षमायाचनेने होते. तेथेच ती संपली, तर मात्र ती क्षमायाचना पोकळ ठरेल.