मोठी मोटर मंजूर करण्याआधी रोहित्राचा भार मोजावा

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
महावितरण, नंदुरबार मंडळ, नंदुरबार

विषय : मोठ्या मोटरसाठी वाढीव भार देण्यापूर्वी रोहित्राचा प्रत्यक्ष भार मोजून लेखी कळवण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नंदुरबार, शहादा व नवापूर तालुक्यांतील मिरची पावडर, डाळ आणि तेलघाणीचे लहान कारखानदार आहोत. पथारीवर मिरची वाळू लागली की आमचा हंगाम सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच रब्बीचे पंपही चालू असतात. गिरणी आणि पंप एकाच डीपीवर, म्हणजे एकाच रोहित्रावर, असतील तर दोघांचाही ताण एकाच वेळी पडतो.

१०० केव्हीएचे रोहित्र ४३३ व्होल्टला सुमारे १३३ अँपिअर देते. ६० एचपीची मोटर पूर्ण भारावर साधारण ८० अँपिअर ओढते. डीपीवर आधीच ७० अँपिअर चालू असतील, तर बेरीज १५० होते आणि रोहित्र पहिल्या दिवसापासून क्षमतेबाहेर चालते. मोटर थेट सुरू केली तर त्या क्षणी सहापट, म्हणजे ४८० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. सगळ्या डीपीचे व्होल्टेज खाली येते, शेजारच्या पंपाचा स्टार्टर पडतो. व्होल्टेज २० टक्के उतरले की मोटरचा जोर ६४ टक्क्यांवर येतो. भरलेले पल्व्हरायझर त्या जोरावर फिरत नाही, मोटर घुमत उभी राहते आणि वाइंडिंग जळते. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांश होतो, पण जोरही तेवढाच घटतो. यंत्र रिकामेच सुरू करावे लागते. चालू भार मात्र त्याने कमी होत नाही. तो कमी होतो हा गैरसमज आमच्यातही आहे, हे आम्ही मान्य करतो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की अर्ज आल्यावर कागदावरच्या जोडभारावर न थांबता हंगामातील गर्दीच्या वेळी तिन्ही फेजवर क्लँप मीटर लावून भार मोजावा. एकाच फेजवर ओझे असले तरी रोहित्र तापते. अर्ज हंगामाबाहेर आला, तर त्या डीपीवरील मंजूर पंप चालू आहेत असे धरून हिशेब करावा.

रोहित्राची क्षमता, मोजलेला भार आणि उरलेली जागा अर्जदाराला लेखी कळवावी, तीही मोटर विकत घेण्याआधी. कर्ज काढून आणलेली मोटर परत जात नाही. जागा नसेल तर २०० केव्हीएचे रोहित्र लागेल की स्वतंत्र, आणि खर्च कोणी करायचा, हे त्याच पत्रात असावे. कार्यक्षम वितरण व्यवस्था उभारून ती राखणे हे वीज कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे.

आमच्या बाजूने आम्ही न कळवता मोटर बदलणार नाही, योग्य स्टार्टर व कपॅसिटर बसवू आणि मोटरच्या नावपट्टीची प्रत अर्जासोबत जोडू.

येत्या मिरची हंगामापूर्वी ही पद्धत सर्व तालुक्यांत सुरू करावी, ही विनंती.

आपले नम्र,
सह्या करणारे लघुउद्योग चालक